टाचणीची तालीम

आमच्या कार्यक्रमात रोज तीन बायका मरायच्या, आणि तिघींचे कपडे दुसऱ्या दिवशी पुन्हा धडधाकट करून ठेवावे लागायचे.

पहिली गवंड्याची बायको. किल्ल्याची भिंत काही केल्या उभी राहीना, म्हणून तिला त्या भिंतीत जिवंत चिणली. दुसरी गावाला औषधपाणी करणारी विधवा. एका वर्षी पोरं पटापट दगावली, तेव्हा गावानं तिला चेटकीण ठरवून जाळलं. तिसरी राजाची मेहुणी. राजानंच तिच्यावर हात टाकला आणि तिनं कोणाला सांगू नये म्हणून तिची जीभ कापली. एक जुन्या दफ्तरात सापडलेली, एक कोणाच्या तरी आजीकडून ऐकलेली, एक पुराणातली. सगळं नाचून दाखवायचं, तोंडानं शब्द नाही. दोन ढोल, एक व्हायोलिन, आठ नाचणाऱ्या मुली आणि एक पुरुष. मी दिवेवाला.

गवंडी, गावचा मुखिया, राजा, सगळं तो एकच पुरुष करायचा. त्याला आम्ही पैलवान म्हणायचो, कारण भिजून आला तरी पन्नास किलो भरला नसता. रंगपटात झुरळ निघालं की टेबलावर चढायचा. पण अंगरखा चढवून रंगमंचावर आला, की पहिल्या रांगेतल्या बायका खुर्चीत मागे सरकायच्या.

एका प्रयोगात कपडे बारा-तेरा ठिकाणी फाटायचे. काही फाटायचेच असायचे, काही उत्साहात फाटायचे. दोन शिंपी वैतागून सोडून गेले. तिसरी ती आली, स्वतःची लांब कात्री फडक्यात गुंडाळून. आल्या आल्या मुखियाच्या अंगरख्याची बाही उलटी करून बघितली आणि म्हणाली, "हे कोणी शिवलंय? गोणी शिवतात असं."

हे ती ओठांत पाच टाचण्या धरून म्हणाली. एकही पडली नाही. त्या दिवसापासून तिचं नाव टाचणी. आमचा कार्यक्रम बसवणाऱ्या बाई, त्यांना आम्ही नुसतं बाईच म्हणायचो, त्या सोडून सगळे तिला टाचणीताई म्हणायला लागले. ती पस्तिशीची असेल. दिवसभर तोंडात टाचण्या. मला वाटायचं, कामाची सवय. पुढं कळलं, की तोंडात टाचण्या असल्या की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत.

ऐन उन्हाळ्यातही ती मनगटापर्यंत बाह्या घालायची. कधी डोळ्याखाली काळंनिळं दिसलं तर म्हणायची, कपाटाचं दार लागलं. कधी जिना. एकदा माझ्या मचाणावरून दिवे जुळवताना एक झोत चुकून कपडेपटाच्या दारात पडला. ती वाकून हूक लावत होती आणि कॉलर मागे सरकली होती. मानेवर चार बोटं उठलेली. एक, दोन, तीन, चार, आणि पलीकडे अंगठा असणार. मी पाहिलं, आणि झोत दुसरीकडे वळवला. कोणाला काही बोललो नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही.

तिचा नवरा कुलूपवाला. चौकात त्याची टपरी होती, किल्ल्यांच्या माळा लटकवलेली. माणूस मोठा लाघवी. म्हाताऱ्या किल्ली घरात विसरून दार ओढून घेत, तर हा हातातलं काम टाकून जायचा, दोन मिनिटांत दार उघडायचा आणि वर म्हणायचा, "आजी, आता किल्ली गळ्यात बांधा, नाहीतर मला जावई करून घ्या." सगळी वस्ती त्याच्यावर खूश. माझ्या खोलीची दुसरी किल्ली त्यानंच बनवलेली होती. त्यांना एक मुलगी, तेरा वर्षांची, अंगानं काटकुळी. कधीमधी शाळेतून सुटल्यावर ती कपडेपटात येऊन बसायची, बॉबिन भरून द्यायची आणि बोलावल्याशिवाय बोलायची नाही.

टाचणीचं आयुष्य आणि आमचं ज्या दुपारी एकमेकांत अडकलं, ती एका तालमीची दुपार.

राजा मेहुणीला केस धरून फरफटत नेतो, मारतो आणि ती पडते, हा प्रवेश चालला होता. मेहुणीचं काम थोरली करायची. आठ मुलींतली ती वयानं मोठी, नाचात सगळ्यांत पक्की. पैलवाननं हात उगारला, ढोल वाजला, आणि थोरली हात पसरून, मान मागे टाकून, पाकळी गळावी तशी खाली आली. सुंदर. ढोलवाल्यानंही मान डोलावली.

आणि कोपऱ्यात अस्तर टाचत बसलेली टाचणी हसली. जोरात. टाचण्या फरशीवर सांडल्या.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "काय झालं हसायला?"

"काही नाही." ती गुडघ्यावर बसून टाचण्या वेचायला लागली.

"नाही, सांग. आम्हीही हसतो."

टाचणीनं मान वर केली. "बाई, असं कोणी पडतं का? असं पडली तर डोकं फुटून जागच्या जागी मरेल. मग दुसरी कशी मारणार तो?"

बाई म्हणाल्या, "मग कसं पडतात?"

ती उठली. वेचलेल्या टाचण्या टाचण्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवल्या, पैलवानसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उगारा हात."

त्यानं बावळटासारखा हात उचलला. हात खांद्यापर्यंत यायच्या आत हिची हनुवटी छातीला टेकली होती, डावा खांदा कानाशी गेला होता, उजवा हात डोक्यावरून वळून मानेवर बसला होता. मग ती पडली. पडली म्हणजे गोळा झाली. कुशीवर, गुडघे पोटाशी, पाठ मारणाऱ्याकडे. धप्प आवाजसुद्धा झाला नाही.

जमिनीवरूनच ती समजावून सांगायला लागली, भाजी चिरायला शिकवावी त्या आवाजात. "आधी बघायचं कोपरा कुठं आहे. टेबलाचा, ओट्याचा, पलंगाचा. त्याच्यापासून लांब पडायचं. पोट झाकायचं, पाठ द्यायची, पाठीला हाडं असतात. दात आवळायचे, नाहीतर जीभ चावली जाते. आणि ओरडायचं नाही. ओरडलं की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात, मग त्याला जास्त चेव येतो."

थोरलीनं तोंडावर हात धरला होता. पैलवानचा हात अजून वरच होता. मग हात खाली घेऊन तो बाहेर गेला आणि नळाखाली डोकं धरून किती तरी वेळ उभा राहिला.

बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. त्यांनी टाचणीला विचारायला हवं होतं, की हे तुला कोणी शिकवलं. त्यांनी विचारलं, "हे मुलींना शिकवशील?"

मी बाईंना दोष देत नाही. त्या चाळीस वर्षं हेच करत आल्या होत्या. जे खरं दिसेल ते उचलायचं आणि रंगमंचावर न्यायचं.

टाचणी शिकवायला लागली. रोज जेवणानंतर एक तास. मुली पडायच्या, ती हनुवटी दाबायची, कोपर आत वळवायची, म्हणायची, "हं, आता बरगडी वाचली." केस धरून ओढलं तर त्याच्या मनगटाला लटकायचं, म्हणजे केस उपटत नाहीत. गळा धरला तर हनुवटी खाली खुपसायची. एके दिवशी ती पैलवानला म्हणाली, "तुम्ही एकदम मारता. तसं नसतं. आधी तो घड्याळ काढतो."

"कोण?"

"राजा," ती म्हणाली. "घड्याळ काढतो, पट्टा नीट सरळ करतो, टेबलावर ठेवतो. काच वर. मग बाह्या दुमडतो. घाई नसते त्याला."

"राजाच्या काळी घड्याळ कुठं होतं, ताई?" एक मुलगी म्हणाली. कोणीतरी हसलं.

बाई हसल्या नाहीत. "असू दे," त्या म्हणाल्या. "राजा घड्याळ काढेल."

त्या एका घड्याळानं कार्यक्रम पालटला. पैलवान अंगरख्यात पुढं यायचा, ढोल थांबायचे, आणि त्या शांततेत तो मनगटावरचं घड्याळ काढून, पट्टा सरळ करून चौरंगावर ठेवायचा. आधी लोक हसायचे. मग तो बाह्या दुमडायचा आणि हसू विझायचं. दर प्रयोगाला एक-दोन बायका उठून बाहेर जायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या. गावोगावहून बोलावणी यायला लागली.

आम्ही काय करतोय हे आम्हाला कळत होतं का? थोडं कळत होतं. थोरलीनं एकदा कपडेपटात जाऊन टाचणीला सरळ विचारलं, "ताई, घरी काय चाललंय?" टाचणीनं मूठभर टाचण्या ओठांत धरल्या आणि मशीन सुरू केलं. आम्ही आमच्या मनाची समजूत घातली, की तिला नको आहे तर आपण कशाला नाक खुपसा.

मग एका रविवारी दुपारच्या खेळाला कुलूपवाला आला. तिनं बोलावलं नव्हतं. आमच्या दारवानाचं कुलूप त्यानं दुरुस्त करून दिलं होतं, त्या ओळखीवर दारवानानं त्याला तिसऱ्या रांगेत बसवलं. मला तो मचाणावरून दिसत होता. भिंतीतली बाई मेली, तेव्हा त्यानं टाळ्या वाजवल्या. चेटकीण जळाली, तेव्हा शेजारच्या बाईला पाण्याची बाटली दिली. मग राजा आला. राजानं घड्याळ काढलं, पट्टा सरळ केला, काच वर करून ठेवलं.

कुलूपवाल्यानं उजव्या हातानं आपलं डावं मनगट झाकलं. इतकंच. बाकी तो खेळ संपेपर्यंत हलला नाही.

दुसऱ्या दिवशी टाचणी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारणीनं दारात येऊन सांगितलं, की ती दवाखान्यात आहे. जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डावा कान फाटला होता. ओट्याच्या कडेवर चार वेळा तोंड आपटलं होतं. डॉक्टरांनी दात तारेनं आवळून बांधले होते. सहा आठवडे बोलायचं नाही, नळीनं पातळ प्यायचं. गालावर एका जागी गोल छाप होता, आणि त्या गोलाच्या कडेला बारीक खाचा. त्या दिवशी त्यानं घड्याळ काढलं नव्हतं.

आम्ही चौघं गेलो होतो, बाई, थोरली, पैलवान आणि मी. जीभ कापलेल्या बाईचा खेळ करणारे आम्ही, आणि समोर ही अशी तोंड बांधून पडलेली. कोणी एकमेकांकडे बघितलं नाही. पैलवान पायथ्याशी उभा राहून ओक्साबोक्शी रडायला लागला, तर तिनंच त्याला हातानं खूण केली, की बसा, बसा.

पोलिसातली एक बाई जबाब घ्यायला आली होती. टाचणीनं वहीत लिहिलं, "जिना."

"कुठल्या जिन्याला मनगटी घड्याळ असतं?" पोलीसबाई म्हणाली.

टाचणीनं त्याच शब्दाखाली रेघ मारली. जिना. लेक घरी होती, त्याच्याजवळ. पोलीसबाई काय ते समजली असावी, पण कागदावर जिनाच गेला.

ती गेल्यावर बाई खाटेवर टेकल्या. त्यांनी टाचणीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आपण ही चौथी गोष्ट करू. तुझी. नाव घेणार नाही. लोकांना कळलं पाहिजे." त्यांचे डोळे भरलेले होते, आणि मला वाटतं त्या मनापासून बोलत होत्या.

टाचणीनं हात सोडवून घेतला. वही ओढली आणि तीन शब्द लिहिले. मी मेले नाही.

दवाखान्यातून ती घरी गेली नाही. सरळ आमच्या कपडेपटात आली आणि कपड्यांच्या दांड्यांमागे गादी टाकून राहिली. बाई म्हणाल्या, नवं भक्कम कुलूप बसवू. तारेमागून टाचणीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. ती हसत होती. वहीत लिहिलं, "कुलूप त्याला कळतं. कडी लावा." मग मी कपडेपटाच्या दाराला आतून लोखंडी अडसर बसवून दिला.

रोज शाळा सुटायच्या वेळी ती फाटकाशी जाऊन उभी राहायची. लेक यायची, दोन हात लांब थांबायची. एकदा मी बरोबर होतो. टाचणीनं तिचा हात धरून आमच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. लेकीनं हात काढून घेतला.

"मी नाही येत. मी आले तर ते इथंही येतील. तू लांब आहेस तोवर ठीक चाललंय." मग आईच्या डोळ्यांकडे बघत म्हणाली, "खरंच, आई. मला त्यांनी बोटसुद्धा लावलेलं नाही."

टाचणीनं तिला चाचपून बघितलं, खांदे, दंड, पाठ. मुलीनं तोंड वाकडं केलं नाही. मग ती चालती झाली, दप्तर एकाच खांद्यावर घेऊन.

सहा आठवडे भरले. तारा काढल्या. आवाज खोल गेला होता आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी बारा वाजता, तो आला.

तालमीच्या वेळी आम्ही बाहेरचं मोठं दार नुसतं कुलूप लावून बंद ठेवायचो. टाचणी तालमीच्या खोलीतच, कपड्यांच्या एका दांड्याजवळ, कापायच्या टेबलाशी होती, गवंड्याच्या बायकोच्या झग्याला नवी बाही बेतत होती. कुलपात खट्‌ असा आवाज झाला. कोणी किल्ली फिरवावी तसा सहज. दार उघडलं आणि कुलूपवाला आत आला. एका हातात लेकीचं मनगट.

"तालमीत आलो, माफ करा हं," तो सगळ्यांकडे बघून हसला. "पाचच मिनिटं." मग बायकोला म्हणाला, "चल. पुरे झाली नाटकं. घराचं पार मसण झालंय."

"तिला इथं ठेव आणि जा," टाचणी म्हणाली.

"बरं बोलायला लागलीस की. तारा काढल्या?"

"तिला सोड."

लेक म्हणाली, "आई, तू येऊ नको."

त्यानं तिच्याकडे वळून बघितलं, तोंडावरचं हसू तसंच ठेवून, आणि उलट्या हाताची तिच्या कानशिलात भडकावली.

मुलगी पडली. हात यायच्या आतच हनुवटी छातीला टेकली होती, खांदा कानाशी, हात डोक्यावरून वळून मानेवर. पडताना तिनं अंग वळवलं, टेबलाच्या कोपऱ्यापासून लांब. कुशीवर, गुडघे पोटाशी, पाठ बापाकडे. आवाज नाही.

खोलीतल्या आठही मुलींना ते पडणं पाठ होतं. लेकीला ते कोणी शिकवलं नव्हतं. टाचणीनं तर कधीच नाही. ती तास घ्यायची तेव्हा मुलगी शाळेत असायची. सहा आठवडे बोटसुद्धा न लावलेल्या मुलीचं ते पडणं होतं.

टाचणीनं टेबलावरची कात्री उचलली.

पहिला घाव त्याच्या खांद्यात बसला. हाडावरून निसटला. त्याला क्षणभर कळलंच नाही, कापडात काही अडकलं तसं त्यानं खाली बघितलं. मग त्यानं तिचा गळा धरला आणि तिला मागे कपड्यांच्या दांड्यावर आपटलं. दांडा मोडला, चेटकिणीचे लाल झगे दोघांच्या अंगावर आले. तिनं हनुवटी खाली खुपसली होती. तो उजव्या हातानं तिचा जबडा दाबत होता, जिथं मोडला होता नेमका तिथंच, आणि तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं. तिनं कात्री त्याच्या मांडीत घातली. त्याचा हात सुटला. तो टेबलाला धरून उभा राहायला गेला, हाताचा पंजा टेबलावर पसरून, आणि तिनं दोन्ही हातांनी कात्री वर नेऊन त्या पंजातून खाली लाकडात रोवली.

त्याची किंकाळी मी अजून ऐकतो.

हे सगळं व्हायला ढोलाच्या दोन आवर्तनांइतका वेळ लागला असेल. आम्ही काय करत होतो? उभे होतो. इतकी वर्षं रोज हेच करणारे आम्ही, आणि आमची पाचावर धारण बसली होती. सगळ्यांत आधी हलली थोरली. तिनं लेकीला काखोटीला धरून दाराबाहेर ओढलं. मग पैलवान, झुरळाला घाबरणारा पैलवान, ओरडत धावला आणि कुलूपवाल्याच्या पाठीवर पडला. कुलूपवाल्यानं मोकळ्या हाताचं कोपर मागे मारून त्याचं नाक फोडलं, पण पैलवाननं त्याला सोडलं नाही. ओढाताणीत कात्री लाकडातून निघून पडली, दोघे खाली आले. मग मुली पुढं झाल्या.

त्यांनी त्याला लाथांनी तुडवला. अनवाणी, घुंगरं बांधलेल्या पायांनी. बाई किंचाळत होत्या, "थांबा, मरेल तो, थांबा," आणि कोणी थांबत नव्हतं. मी मचाणावरून उतरून पोचलो, तेव्हा तो कुशीवर झाला होता, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. मीही दोन लाथा घातल्या. पडलेल्या माणसाला. पोलिसांना मी हे सांगितलं नाही, इथं सांगतो.

टाचणी पडलेली कात्री उचलून पुन्हा त्याच्यावर निघाली होती. तिला मी कमरेला धरून ठेवलं. एवढीशी बाई, पण मला दोनदा भिंतीवर आदळलं तिनं. बाहेरून लेकीनं हाक मारली, "आई!" तशी तिची बोटं सुटली आणि कात्री खाली पडली.

तो जगला. उजव्या हाताच्या शिरा तुटल्या होत्या, तीन बोटं परत मिटलीच नाहीत. टाचणीला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. लेक बाईंच्या घरी राहिली. तिच्या तपासणीत दोन बरगड्या मोडून तिरक्या जुळलेल्या निघाल्या, आणि पाठीवर डागल्याच्या खुणा, किल्लीच्या आकाराच्या. त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आईनं नेमकी त्यांच्यावरूनच बोटं फिरवली होती, आणि मुलगी हललीही नव्हती.

खटल्याच्या वेळी वकिलानं टाचणीला पढवून ठेवलं होतं, की म्हण, मी घाबरले, काय केलं ते मला कळलंच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "घाबरले नव्हते. सोळा वर्षं घाबरत होते, त्या दिवशी नव्हते. मारायलाच उचलली होती कात्री."

वकिलानं कपाळावर हात मारला.

"मग थांबलात का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दिवेवाल्यांनी धरलं. आणि लेकीनं हाक मारली." मग म्हणाली, "नुसतं धरलं असतं तर थांबले नसते."

तिला दोन वर्षांची शिक्षा झाली, पण बाहेर राहून भोगायची, दर महिन्याला चौकीत हजेरी देऊन. त्याला पाच वर्षं, जबड्याबद्दल आणि मुलीबद्दल. वस्तीतल्या कित्येकांना आजही वाटतं, की चांगल्या माणसाचा हात कामातून गेला. त्या म्हाताऱ्यांपैकी एकीनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "तो असा नव्हता हो." मी म्हटलं, "तुमच्याकडे नव्हता."

पैलवान पुन्हा राजा झाला नाही. नाक बरं झालं, पण हात उगारायची वेळ आली की खांदा जागेवरच आखडायचा. शेवटी तो लहान मुलांना नाच शिकवायला गेला. राजाचं काम थोरलीनं घेतलं. तिनं खेळातून घड्याळच काढून टाकलं. बाई नाही म्हणाल्या, तर ती म्हणाली, "ते आपलं नव्हतं, बाई." चौथी गोष्ट बाईंनी पुन्हा काढली नाही. कार्यक्रम आणखी वर्षभर चालला आणि मग बंद पडला.

टाचणीनं पडण्याचा तास परत कधी घेतला नाही. तिनं आमचं काम सोडलं आणि दोन रस्ते पलीकडे खोली घेऊन शिवणकामाचं दुकान टाकलं. शाळेचे गणवेश, पडदे, चेन बसवणं. लेक आता कॉलेजात आहे. आवाजानं एकदम मोठी झाली आहे, गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर आतल्या खोलीतून ओरडते, "आई, त्यांना म्हणावं, मग स्वतःच शिवा!"

मागच्या महिन्यात मी विजार आखूड करायला घेऊन गेलो होतो. टाचणी मशीनवर होती. बोलता बोलता ती एकदम थांबली आणि काचेतून समोर बघायला लागली. मी वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे कुलूपवाला उभा होता. सुटून आठवडा झाला होता. केस पांढरे, उजवा हात खिशात. तो दुकानाकडे बघत होता.

"लेक कुठाय?" मी हळूच विचारलं.

"कॉलेजात. पाचला येते."

"पोलिसांना फोन लावू?"

"पोलीसबाईंना सकाळीच सांगितलंय. त्यानं रस्ता ओलांडला तर लावा."

मी फोन हातात धरून दारात उभा राहिलो. पाच मिनिटं गेली असतील. मध्ये एक बस येऊन थांबली आणि गेली, तरी तो तिथंच. मग त्यानं मान खाली घातली आणि कोपऱ्यावरून वळून निघून गेला.

मी आत आलो तेव्हा ती माझ्या विजारीवर वाकली होती. तिनं शिवण बघितली, कपाळाला आठ्या घातल्या आणि ब्लेडनं ती सगळी उसवायला घेतली.

"वाकडी गेली," ती म्हणाली. "बसा जरा. परत घालते."